फळ न सापडलेली माशी

१

येसाजीचा उजवा अंगठा पोशीर गावात नावाजलेला होता. भात निघालं की नदीकाठच्या तुकड्यात तो दुधीचा मांडव घालायचा. रोज सकाळी दंव वाळायच्या आत वाकून मांडवाखालून फिरायचा आणि एकेका दुधीवर अंगठा टेकवायचा. फळमाशी डंख मारते ती जागा टाचणीच्या टोकाएवढी. वर डिंकाचा थेंब चमकला तर चमकला. बाकी फळ बाहेरून साजरं, कोवळी लव जिथल्या तिथं. पण अंगठा दाबला की आत जातो आणि पडलेला खळगा भरून येत नाही. चांगलं अंग दाबलं तर परत वर येतं. परीक्षा एवढीच. तिला ना चष्मा लागतो, ना शाळा. येसाजी तिसरीपर्यंत शिकला होता, आणि त्यातलंही त्याला फक्त मास्तरांच्या हातची छडी आठवत होती.

डंखलेलं फळ बादलीत जायचं आणि बादली बांधापलीकडं. तिथं दोन हात खोल खड्डा, त्यात फळं, वर माती, आणि मातीवर पायांनी तुडवणी. डंखलेलं फळ मांडवाखाली ठेवायचं नाही आणि घरात तर आणायचंच नाही. आतली अळी फळ सोडून मातीत उतरते आणि थोड्या दिवसांत तिचीच माशी होऊन वर येते. हा नियम येसाजीनं चाळीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. गावात बाकी कुणी पाळत नाही म्हणून तो गावाला रोज शिव्या घालायचा.

घरी तो आणि मुलगा मनोज, दोघंच. अंबाबाई, येसाजीची बायको, जाऊन सहा वर्षं झाली होती. मनोज खोपोलीच्या कारखान्यात पाळीवर जायचा. सून नम्रता बाळंतपणाला माहेरी, खालापूरला होती. मुलगी झाली. सव्वा महिना भरला की एका रविवारी ती लेकीला घेऊन घरी यायची होती, आणि तिच्यासाठी मनोजनं घरामागं नवीन खोली बांधून घेतली होती. विटांच्या भिंती, फिकट गुलाबी रंग, छताला पाळण्याची कडी. येसाजीनं खोली एकदाच नीट पाहिली आणि म्हणाला, दवाखाना वाटतोय. पण दुपारी तो बसायला मात्र तिथंच जायचा. फरशी गार होती.

२

मांडवात डब्या टांगायला आली ती अंतरा. कर्जतच्या बाजारात तिच्या आजोबांचं औषधांचं दुकान, आई शाळेत बाई, आणि ही पोरगी माश्यांवर शिकत होती. माश्यांवर शिकतात हेच येसाजीला पटायला आठ दिवस लागले. तिच्या प्लास्टिकच्या डबीत कापसाचा बोळा असायचा, बोळ्यावर औषध. त्या वासानं माशी आत शिरायची आणि आतच मरायची. दर आठवड्याला अंतरा डबी उघडून माश्या कागदावर ओतायची आणि भिंगातून बघत बसायची.

एकदा तिनं येसाजीला हाक मारली. नेहमीच्या पिवळट माश्यांमध्ये एक निराळीच होती. काळपट अंग, पाठीवर एकच पिवळा ठिपका, पंखाच्या कडेला धुरकट पट्टा.

"ही फार क्वचित सापडते, आबा. सापळ्यात येतात ते सगळे नर. मादी अजून कुणी पाहिलेली नाही. आणि हिचं फळ कोणतं, तेही कुणाला ठाऊक नाही."

"मंग अंडी कुठं घालतंय तिचं बिऱ्हाड? हवेत?"

"तेच तर शोधतेय. दुधी, कारली, पडवळ, रानातली कवंडळंसुद्धा फोडून झाली. कशातच नाही."

येसाजी म्हणाला, सोयरीक जमत नसंल बिचारीची, ठिकाणं बघत फिरत असंल. अंतरा हसली. मग तिनं एक डंखलेला दुधी मागून घेतला, वाळू घातलेल्या स्टीलच्या डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि म्हणाली, कान लावा. येसाजीला उजव्या कानानं कमी ऐकू यायचं. त्यानं नेहमीसारखा उजव्या हाताचा तळवा कानामागं धरला आणि वाकला. आतून आवाज आला. टक्. थोड्या वेळानं पुन्हा, टक्. पत्र्यावर एखादा तांदूळ पडावा तसा. अंतरानं सांगितलं, अळी तयार झाली की शेपटी तोंडात धरते, ताणते आणि उडी मारते. तिला माती हवी असते.

त्यानंतर अंतराची परीक्षा लागली. जाताना ती औषधाची बाटली मांडवातल्या झोपडीत खुंटीला अडकवून गेली आणि बजावून गेली, की याला हात लावू नका, मी आल्यावर हातमोजे घालून बोळा बदलेन. येसाजी बरं म्हणाला. त्याचं बरं म्हणजे काय ते अंबाबाईला माहीत होतं, या पोरीला कुठून असणार.

आठ दिवसांत बोळा वाळला. येसाजीनं कापूस घेतला, देवापुढच्या दिव्याला वळतात तशी मांडीवर चांगली जाड वात वळली, बाटलीत बुडवली आणि अंगठ्यानं दाबदाबून औषध वातीच्या पोटापर्यंत मुरवलं. हात बोटांपासून मनगटापर्यंत ओला झाला. वास गोडसर, आंबलेल्या करवंदांसारखा. त्यानं हात टॉवेलला पुसला, अंगावर सदरा चढवला आणि तसाच खालापूरला निघाला, कारण त्या दिवशी नातीचं बारसं होतं.

तिकडं आरोही असं नाव ठेवलं. तान्ह्या पोरांना उचलायची येसाजीला सवय नव्हती, मनोजलासुद्धा त्यानं चालायला लागल्यावरच हात लावला होता. पण दुपट्यातून त्या पोरीचा पाय बाहेर आला, लव असलेला, गुबगुबीत, आणि त्याचा अंगठा आपसूक तिच्या तळव्यावर टेकला. दाबला, सोडला. मांस वर आलं.

"आबा, दुधी नाय तो, नात हाय तुमची," विहीणबाई म्हणाल्या, आणि सगळं घर हसलं. येसाजीसुद्धा हसला. वर्षातून दोनदा हसणारा माणूस तो.

३

त्यानंतर सापळ्यात माशी येईना.

आधी त्याला बरं वाटलं. मग विचित्र वाटलं. वात ओली होती, वास येत होता, आणि डबी दिवसेंदिवस कोरडी ठणठणीत. मांडवावर डंख मात्र तेवढेच. म्हणजे माश्या होत्या, दुसरीकडं कुठं तरी गुंतल्या होत्या एवढंच. वात वळण्यात काही चुकलं असेल असं म्हणून त्यानं आणखी दोनदा औषध दाबलं.

नम्रता यायला आठवडा उरला असताना एका दुपारी तो नव्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता. उठताना त्यानं नेहमीच्या जागी भिंतीला हात लावला आणि डोळ्यांसमोर काही हललं. गुलाबी भिंतीवर, त्याच्या हाताच्या उंचीला, पाचसहा माश्या बसल्या होत्या. काळपट. पाठीवर एकच पिवळा ठिपका. त्या उडाल्या नाहीत. जागच्या जागी थोड्या सरकल्या आणि पुन्हा तिथंच टेकल्या. दुधीवर माशी बसते ती अशीच. आधी चालून बघते, मग शेपूट टेकते.

खोलीत फळ नव्हतं. अजून माणूस नव्हता राहायला आला, फळ कुठलं.

येसाजीनं माश्या हाकलल्या आणि ती जागा जवळून पाहिली. रंग सारखा, ना पापुद्रा, ना डाग. कशाला ते त्याला नंतरही सांगता आलं नाही, पण त्यानं भिंतीला अंगठा टेकवला आणि दाबला.

अंगठा आत गेला.

फार नाही. कणभर. पण चाळीस वर्षं ज्या अंगठ्यानं दुसरं काही केलं नाही, त्याला कणभर म्हणजे काय ते कळतं. त्यानं हात मागं घेतला. भिंतीवर खळगा नव्हता. ओल असेल, तो स्वतःला म्हणाला. नवा गिलावा, नदीची रेती, ओल धरतेच. मग त्यानं कानामागं हात धरला, भिंतीला पाणी पाझरतंय का ते ऐकायला.

टक्.

तो थांबला. पंखा बंद होता. बाहेर रस्त्यावर नेरळकडं जाणारा टेंपो वाजत गेला आणि पुन्हा शांत झालं.

टक्. टक्.

४

दुसऱ्या दिवशी त्यानं शुक्राला बोलावलं. शुक्रा वाडीवरचा गवंडी, भिंत त्यानंच बांधलेली. शुक्रानं भिंत वरपासून खालपर्यंत हातोडीच्या दांड्यानं ठोकली, ठिकठिकाणी हात फिरवला, अंगठा दाबला. मग येसाजीकडं बघून म्हणाला, "आबा, दगूड हाय. माझं डोस्कं आपटा, डोस्कं फुटंल."

"हितं दाब."

"दाबलं की."

"जोरात दाब."

शुक्रानं अंगठा पांढरा होईपर्यंत दाबला. काही झालं नाही. येसाजीनं त्याला बाजूला सारलं आणि स्वतः दाबलं, आणि अंगठा आत गेला. शुक्रा बघत होता. त्याला काही दिसलं नाही. चहा न घेताच तो निघून गेला, आणि शुक्रा चहा सोडणारा माणूस नव्हता.

संध्याकाळी मनोज आला तो ते ऐकूनच. येसाजीनं सांगितलं, सून अजून महिनाभर माहेरीच राहू दे, ही खोली बरी नाही. मनोजनं कारण विचारलं. आता कारण काय सांगणार. माश्या बसतात, भिंत मऊ लागते, आतून आवाज येतो. येसाजीनं तिन्ही सांगितली, आणि सांगताना त्याचं त्यालाच ते खुळ्यासारखं वाटलं, म्हणून तो जास्तच रागानं बोलला.

 मनोजनं जे मनात साठवलं होतं ते काढलं. खोली बांधायला घेतली तेव्हापासून आबांचं नाक मुरडणं चालू आहे. रंग नको, कडी नको. बारशाहून आल्यावर नातीचं एकदा नाव नाही घेतलं. हे भिंतीचं नाही, हे दुसरंच काही आहे.

"पोरगा झाला असता तर भित मऊ लागली असती का, आबा?"

येसाजीनं हातातला तांब्या खाली ठेवला.  रविवारी त्या दोघी येतील, मनोज म्हणाला, आणि त्याच खोलीत राहतील.

५

गुरुवारी येसाजीनं खोली धुतली. शुक्रवारी कडुनिंबाचा धूर केला. शनिवारी दुपारी पुन्हा तिथं जाऊन बसला, कारण उद्या सकाळी त्या कडीला पाळणा बांधला जाणार होता, आणि त्या आधी आवाज नक्की कुठून येतो एवढं तरी त्याला कळायला हवं होतं.

माश्या भिंतीवर होत्याच. आता दाराच्या कडीवरही होत्या, आणि तांब्याच्या गळ्यावर.

त्यानं कानामागं हात धरून पूर्वेच्या भिंतीला कान लावला. टक्. पश्चिमेच्या भिंतीला लावला. टक्. मधोमध उभा राहिला. तिथंही तेवढाच स्पष्ट, ना कमी ना जास्त. ओसरीवर आला. तिथंही. मग तो काठी घेऊन तडक शेतावर गेला, मैलभर घरापासून लांब, मांडवाखाली दगडावर बसला, वारा पडलेला होता, आणि त्यानं कानामागं हात धरला.

टक्. टक्. टक्.

त्यानं हात खाली घेतला. आवाज गेला.

हात कानाशी नेला. आवाज आला.

 डोक्यावर दुधी लोंबत होते आणि त्यांच्यावर एकही काळी माशी नव्हती. त्या बादलीच्या कडीवर होत्या, जिथं त्यानं सकाळी धरलं होतं. काठीच्या मुठीवर होत्या. भिंतीवर त्या जिथं बसायच्या, तिथं तो रोज हात टेकून उठत होता.

डावा हात कानामागं धरला. काही नाही. नदीवरचा पंप तेवढा लांबून ऐकू आला.

मग त्यानं डाव्या अंगठ्यानं उजवा अंगठा दाबला, रोजचं काम असल्यासारखा. डावा आत गेला. सोडला. खळगा राहिला. नखाच्या खाली, चिरांच्या मध्ये, टाचणीच्या टोकाएवढी जागा होती आणि तिच्यावर पारदर्शक थेंब होता. दुखत नव्हतं. तेच वाईट होतं.

म्हातारपणी हातापायांत पाणी उतरतं, त्यानं स्वतःला समजावलं. अंबाबाईच्या पायांत शेवटी उतरलं होतं, दाबलं की खळगा तसाच राहायचा. नेरळला डॉक्टर आहे, तो गोळी देईल, सूज उतरेल. हे सगळं त्याला पटत होतं. पण अंबाबाईच्या पायातून कधी आवाज आला नव्हता.

आणि एकदम त्याला बारसं आठवेनासं झालं, फक्त पाय आठवला. दुपट्यातून बाहेर आलेला. ओला हात टॉवेलला पुसून तो निघाला होता त्याच दिवशी.

त्यानं अंतराला फोन लावला. परीक्षा संपली का, अभ्यास कसा झाला, असलं काही तो विचारत नसे, त्या दिवशीही विचारलं नाही. तिच्या माशीचं फळ सापडलं का, एवढंच विचारलं. अंतरा म्हणाली नाही, पण का हो आबा, तुम्हाला काही दिसलं का.

"मादी फळ कसं वळखते गं?"

"वासानं. आणि कोवळं बघते. साल जितकी कोवळी तितकं तिला सोपं जातं."

येसाजीनं फोन ठेवला. मग बादली उचलली, डाव्या हातानं, आणि बांधापलीकडं जाऊन खड्ड्याकडं बघत उभा राहिला.

६

रविवारी सकाळी त्यानं आपलं अंथरूण झोपडीत नेऊन टाकलं. मनोजला सांगितलं, मांडवाला राखण लागते, मी आता तिकडंच राहीन.  उजव्या हाताला येसाजीनं फडकं गुंडाळलं होतं, कोयता लागला म्हणून. निघायच्या आधी त्यानं डावा अंगठा तपासला. दातांखाली धरला, दाराच्या चौकटीवर दाबला. टणक होता. एवढंच त्याच्याजवळ आता भरवशाचं उरलं होतं.

त्यांना बघून जायचं नाही असं ठरवलं होतं, पण पाय निघेना. दहाच्या सुमाराला रिक्षा अंगणात आली तेव्हा तो अंगणाच्या पार टोकाला, लाकडांच्या ढिगाशी उभा होता. शेजारच्या वनितावहिनींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, नम्रताच्या पायांवर पाणी घातलं. नम्रता आत गेली नाही. लेकीला घेऊन सरळ अंगण ओलांडून सासऱ्याकडं आली.

"घ्या आबा. तुमची नात."

येसाजीनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

सगळ्यांनी पाहिलं. वनितावहिनी ओवाळणीचं ताट धरून थांबल्या. मनोजनं मान फिरवली. नम्रताचा चेहरा आधी पांढरा पडला, मग तिनं ओठ दाबले आणि अगदी हळू, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली, "मुलगी म्हणून घेत नाय का, आबा?"

त्याला सांगायचं होतं. गं बाई, मी डंखलेला हाय, मला घरात ठेवू नको, असं काहीतरी. पण पोरगी चुळबुळली आणि दुपट्यातून तिचा पाय बाहेर आला. तोच पाय. तळव्याच्या मधोमध काळी तीट होती.

येसाजीला एकदम हलकं वाटलं. दृष्ट लागू नये म्हणून पायालाही लावतात, अंबाबाईनं मनोजला लावली होती.

"पायाला तीट कुणी लावली गं?"

नम्रतानं डोळे पुसले. "गालाला लावलीय. पायाला कशाला लावू?"

तीट सरकली. दोन पावलं चालली, थांबली, पाठीवरचा पिवळा ठिपका उन्हात चमकला. शेपूट खाली टेकलेली होती. ही डबीतल्यांपेक्षा मोठी होती, आणि तिला मागं डंखायची लांब सुई होती, जी डबीतल्या एकालाही येसाजीनं कधी पाहिली नव्हती. मग ती उडाली. अंगणावरून, ढिगावरून, निवांत गेली.

मागं राहिला तो ठिपका फार लहान होता. त्याच्यावर थेंब होता. तान्ह्या पोरांना घाम येतो, दुपट्यात गुंडाळून ठेवलं तर तळव्यालाही येतो.

येसाजीनं डावा हात पुढं केला.  अंगठा पोरीच्या तळव्यावर टेकवला आणि दाबला.

"बघा, परत दुधी तपासतायत," नम्रता म्हणाली, आणि रडता रडता हसली. वनितावहिनी हसल्या. मनोज पाठ फिरवून उभा होता तो वळला आणि त्याचाही चेहरा उजळला. आबांनी अखेर हात लावला. कुणीतरी म्हणालं, आता साखर वाटा. पोरगी रडली नाही, नुसती टक लावून आज्याकडं बघत राहिली.

येसाजीनं अंगठा उचलला. गुलाबी तळव्यावर त्याच्या अंगठ्याएवढा खळगा पडला होता.

अंगण हसत होतं, आणि तो खाली वाकून खळगा भरून यायची वाट बघत राहिला.